तेल घालण्याआधी छप्पर खाली आणा

तुमचा प्रश्न असा: "ओहायोत जुना हाय-लो ट्रेलर घेतलाय. बटण दाबलं की वरचा भाग अर्ध्यावर येऊन थांबतो. हायड्रॉलिक ऑइल कोणतं, किती आणि किती दिवसांनी घालायचं?"

हाय-लो म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर. त्याचा वरचा अर्धा भाग छपरासकट मुक्कामी वर उचलायचा आणि प्रवासात खाली आणायचा; त्यालाच मी इथे छप्पर म्हणतोय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथेच आहे. हे तेल इंजिनात जळावं तसं संपत नाही. पंप ते टाकीतून ओढून सिलिंडरमध्ये ढकलतो, सिलिंडर केबल ओढतो, छप्पर वर जातं. खाली आणताना झडप उघडली की छपराच्या वजनानेच तेल परत टाकीत येतं. तेवढंच तेल इकडून तिकडे. म्हणजे टाकीतलं तेल कमी झालं असेल, तर ते कुठेतरी गळलंय. दरवर्षी थोडं थोडं 'टॉप अप' करणारे लोक खरं तर गळती सांभाळत बसलेले असतात.

पण तुमचं तेलच कमी आहे असं आत्ताच धरू नका. दोन-तीनदा उचलून बघा. दर वेळी साधारण त्याच उंचीवर थांबत असेल आणि तिथे पंप मोकळा, किंचाळल्यासारखा फिरत असेल, तर तो हवा ओढतोय, म्हणजे तेल कमी. उलट आवाज पहिल्यापासूनच दबका असेल, आतले दिवे मंदावत असतील, तर दोष बहुतेक बॅटरीचा किंवा गंजलेल्या जोडणीचा. ही १२ व्होल्टची मोटर एका दमात भरपूर करंट खाते. बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ म्हणजे ती अर्धी रिकामी. थंडीत तेलही घट्ट होतं, त्यामुळे मार्चमध्ये पहिल्यांदा उचलताना रेंगाळलं तर लगेच घाबरू नका.

आता पातळी. ती छप्पर पूर्ण खाली असतानाच बघायची, म्हणजे सगळं तेल टाकीत आलेलं असतं. आमच्या गावी, सांगलीकडे, ट्रॅक्टरला डंपिंग ट्रॉली होती. तिचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर चालायचा. वडील ओरडायचे, "आधी ट्रॉली खाली घे, मग तेल बघ!" हे ऐकत मोठा झालो, आणि तरी इथे पहिल्याच उन्हाळ्यात छप्पर वर असताना टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी खाली आणलं, तर वरचं सगळं तेल परत आलं आणि झाकणातून बाहेर. कार्पेटवर तांबडा रस्सा सांडल्यासारखं दिसत होतं. बायको अजून तो डाग पाहुण्यांना दाखवते.

काठापासून इंचभर जागा सोडा. नंतर दोन-तीनदा पूर्ण वर-खाली केलं की अडकलेली हवा टाकीतून निघून जाते, मग पुन्हा पातळी बघा.

कोणतं? माझ्या मॅन्युअलमध्ये डेक्स्रॉन, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल लिहिलंय. तुमच्या मॅन्युअलमध्ये किंवा टाकीवर काय लिहिलंय ते आधी वाचा. जनरल मोटर्सने डेक्स्रॉन-३ चे परवाने २००६ अखेर बंद केले, त्यामुळे आता बाटलीवर 'डेक्स/मर्क' असं काहीतरी दिसेल, ते त्याच जातीचं. ब्रेक ऑइल मात्र चुकूनही घालू नका. 'तेही हायड्रॉलिकच' म्हणून कोणी सुचवेल, पण खनिज तेलासाठी केलेले रबरी सील त्याने फुगतात आणि मग गळती थांबत नाही. तेल गुलाबी-दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. काळपट, जळका वास येणारं असेल तर सगळंच बदला. जुनं तेल ऑटो पार्टची बरीच दुकानं परत घेतात.

गळती शोधताना खाली पांढरा पुठ्ठा रात्रभर ठेवा, लाल ठिपका पत्ता सांगतो. होस पाइपवर बोट फिरवून शोधू नका. दाबाखालची बारीक चिळकांडी कातडीत सुईसारखी घुसते, आणि मग सरळ ऑपरेशन. चाचपडायचंच असेल तर पुठ्ठ्याचा तुकडा पाइपाजवळून फिरवा.

आणि छप्पर वर असताना खाली डोकं घालायचं असेल, तर आधी आधार लावा. तेलाच्या दाबावर विसंबू नका. छप्पर धरून ठेवतात त्या केबल. तेल ठीक असलं तरी केबलचे धागे सुटलेले असू शकतात. तेव्हा टाकी उघडाल त्याच दिवशी टॉर्च घेऊन पुलीपाशीही बघा. हाय-लो कंपनी २०१० मध्येच बंद पडली, त्यामुळे सुटे भाग शोधायला वेळ लागतो. तुटेपर्यंत थांबू नका.

दोन-तीनदा उचलून झालं की कळवा: थांबतो तो दर वेळी त्याच उंचीवर का?