जुन्या कन्सोलवरचे सर्वात चांगले ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम कोणते? निवडायचे कसे?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जुना प्लेस्टेशन 2 घरी आणलाय, जोडीला एम्युलेटरवाला (म्हणजे जुन्या कन्सोलचे गेम चालवणारा) छोटा हँडहेल्डही आहे, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या मिळतात, म्हणून 'गेम किती तासांत संपतो' हे बघून यादी करताय. यादीचं पुढे बघू. पण 'संपतो' या एका शब्दावरून माझं आणि माझ्या आतेभावाचं 2000 सालापासून भांडण चालू आहे, त्यामुळे आधी ते.

मे 2000. मी सांगलीत, नववी संपवून दहावीच्या व्हेकेशन बॅचला जायचे. सकाळी सात ते दहा बीजगणित आणि भूमिती, आणि क्लासच्या खालच्याच गाळ्यात गेम पार्लर. चार टीव्ही, चार प्लेस्टेशन, तासाला 15 रुपये. तीन टीव्हींवर दिवसभर टेकन 3 नाहीतर फुटबॉल. कोपऱ्यातल्या चौथ्या टीव्हीचे रंग हिरवट दिसायचे म्हणून तो बहुतेक वेळा रिकामा असायचा. तिथे येणारी मी एकटीच मुलगी. दादा, म्हणजे हा आतेभाऊ, सुट्टीला पुण्याहून आला होता म्हणून घरून परवानगी मिळाली, नाहीतर आईने त्या गाळ्याची पायरी चढू दिली नसती.

त्या हिरवट टीव्हीवर आम्ही 'कॅसलव्हेनिया: सिम्फनी ऑफ द नाइट' लावला. 1997 चा गेम. नायक अल्युकार्ड, ड्रॅक्युलाचा मुलगा. नावाचं इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की बापाचं नाव निघतं. सुरुवातीला अंगावर झकास हत्यारं असतात, आणि पहिल्याच भागात 'मृत्यू' नावाचं पात्र समोर येऊन ती सगळी काढून घेतो. तिथून पुढे रिकाम्या हाताने अख्खा किल्ला हिंडायचा. आमचा नियम होता की मरेपर्यंत कंट्रोलर ज्याच्या हातात त्याचा. दादा सहसा मरायचा नाही, त्यामुळे मी बसून बघायचे.

बघता बघता मी क्लासच्या आलेख वहीत किल्ल्याचा नकाशा काढायला लागले. गेममध्ये नकाशा असतोच, चौकोनाचौकोनांचा, पण तो घरी नेता येत नाही. तासाला 15 रुपये मोजायचे तर उद्या कुठे जायचं हे आदल्या रात्री ठरलेलं बरं. एका खोलीला आलेखाचा एक चौकोन, दाराला छोटी रेघ, आणि जिथे जाता येत नाही तिथे लाल पेनने फुली. किल्ल्याच्या रॉयल चॅपेल नावाच्या भागात एक बोळ आहे, वर-खाली काटेच काटे, आत शिरलं की संपलं. तिथे मी फुली मारली. कॅटाकोम्बमध्ये एक मिट्ट काळोखाची वाट आहे, तिथेही काटे आणि तिथेही फुली. दादा म्हणायचा, या जागा नुसत्या शोभेला आहेत, पुढे चल.

आठव्या दिवशी त्याने किल्ल्याच्या माथ्यावर जाऊन रिक्टरला, म्हणजे शेवटचा वाटणाऱ्या शत्रूला, हरवलं. पडद्यावर नावं सरकायला लागली. दादाने पार्लरभर सांगितलं, 'संपवला.' मी विचारलं, मग त्या फुल्यांचं काय? म्हणाला, 'असतं गं असं. गेम संपला.'

मला ते पटलं नाही. सिटी बसचे पैसे वाचवून, चालत क्लासला जाऊन, मी एकटीने पुन्हा सुरू केला. भुयारात एका खोलीत सेव्ह करायला म्हणून शिरले तर ती सेव्हची खोलीच नव्हती. अल्युकार्डला दुःस्वप्न पडलं, त्यात त्याच्या आईला मारतायत, आणि ते रचणारी सक्युबस नावाची राक्षसीण समोर उभी. तिला हरवलं तेव्हा सोन्याची अंगठी मिळाली. मग कॅटाकोम्ब. अल्युकार्ड वटवाघूळ झाल्यावर आवाजाच्या लहरी सोडायची शक्ती मिळते, ती वापरली की काळोखात क्षणभर वाट उजळते. एक लहर सोडायची, काटे कुठे आहेत ते डोक्यात ठेवायचं, तेवढंच उडायचं, पुन्हा एक लहर. पलीकडे पोचले तर एक चिलखत. ते घालून चॅपेलच्या त्या बोळात शिरले, आणि नऊ-दहा दिवस ज्या काट्यांवर माझी लाल फुली होती ते माझ्या अंगाला लागून काचेसारखे फुटत गेले. बोळाच्या टोकाला चांदीची अंगठी.

दोन्ही अंगठ्यांवर एकेक अर्धं वाक्य कोरलंय. जोडून वाचलं की अर्थ लागतो, घड्याळाच्या मनोऱ्यात अंगठ्या घाला. मी मराठी माध्यमातली, डिक्शनरी घेऊन लावला तो अर्थ. क्लॉक टॉवर नावाचा भाग किल्ल्यात आहेच, तिथे गेले, दोन्ही अंगठ्या घालून प्रत्येक खोलीत उभी राहिले. काही नाही. दोन दिवस आणि 60 रुपये गेले. तिसऱ्या दिवशी बीजगणिताच्या तासाला वही उघडली तर नकाशाच्या मधोमध, पहिल्या आठवड्यात मीच काढलेलं छोटं गोल घड्याळ. मार्बल गॅलरीतली मोठ्या घड्याळाची खोली! दहा वाजता खाली धावले. अंगठ्या घालून त्या खोलीत उभी राहिले आणि पायाखालची फरशी सरकली. खाली मारिया नावाची मुलगी भेटते आणि एक चष्मा देते. तो घालून रिक्टरसमोर गेलं की त्याच्या डोक्यावर तरंगणारा हिरवा गोळा दिसतो. मारायचा तो गोळा, रिक्टर नाही. गोळा फोडला आणि आकाशात दुसरा किल्ला आला, तोच, पण खाली डोकं वर पाय.

माझ्या तासाची अठरा मिनिटं उरली होती. हात थरथरत होते. मी वही उलटी धरली. माझा सगळा नकाशा तसाच्या तसा चालला. सेव्हची खोली जिथे असायला हवी तिथेच होती. तिथे सेव्ह केलं.

दुसऱ्या दिवशी दादाला हात धरून घेऊन गेले. मेमरी कार्डावर माझं सेव्ह नव्हतं. पार्लरचं एकच कार्ड, त्यात 15 कप्पे, आणि कुणीतरी फुटबॉलच्या स्पर्धेसाठी जागा केली होती. पार्लरवाले म्हणाले, कार्ड सगळ्यांचं असतं. दादा हसला. म्हणाला, उलटा किल्ला वगैरे तुझ्या डोक्यात आहे. आठवड्याने तो पुण्याला गेला, माझी दहावी सुरू झाली, आणि पुढची आठ वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत 'काय गं, उलटा किल्ला?' हे मी ऐकलं.

2008 मध्ये पहिल्या पगारातून सेकंडहँड प्लेस्टेशन घेतला, स्वतःचं मेमरी कार्ड घेतलं. उलट्या किल्ल्यातून ड्रॅक्युलाचे पाचही अवशेष गोळा केले, मधल्या घड्याळाच्या खोलीतून आत गेले, शाफ्ट नावाच्या मांत्रिकाला आणि मग ड्रॅक्युलाला हरवलं, दोन्ही किल्ले मिळून नकाशा 200.6 टक्के भरला आणि दादाला घरी बोलावून दाखवला. तो म्हणतो, हा बोनस आहे. नावं सरकली तिथे गेम संपला. आजही तेच म्हणतो.

तर निवडायचं कसं. ज्या गेममध्ये बंद दार तुमच्या लक्षात राहतं, आणि दहा दिवसांनी हातात आलेल्या वस्तूने ते दार उघडतं, तो चांगला ॲक्शन-ॲडव्हेंचर. बाकी सगळं, ग्राफिक्स, तास, किती अवघड आहे, हे नंतर. दादाचा दुसरा हट्ट असा की अवघड तो चांगला, म्हणून त्याच्या यादीत काँट्रा पहिला. काँट्रा मलाही आवडतो, पण तो उजवीकडे पळत गोळ्या झाडायचा गेम आहे, त्याला या यादीत जागा नाही. 2005 चा 'गॉड ऑफ वॉर' तुमच्या मशीनवर बघायला भव्य वाटेल, मारामारीही उत्तम, पण वाट एकच. तो 'संपवायचा' असेल तर जरूर संपवा.

तुम्ही सुरुवात सुपर निन्टेंडोच्या 'अ लिंक टू द पास्ट'ने करा, 1991 चा. एका जगात केलेल्या गोष्टीचा दुसऱ्या जगात उपयोग होतो, आणि हे शिकवायला गेम तुम्हाला कुठे थांबवून भाषण देत नाही. त्यानंतर 1994 चा 'सुपर मेट्रॉइड'. माझ्या मते सगळ्यात नेटका. झेबेस ग्रहावर उतरल्यावर बराच वेळ एकही शत्रू नाही, नुसता पाऊस आणि रिकामे बोगदे, आणि पुढे भिंतीवरून उड्या मारत वर कसं चढायचं हे तीन छोटे प्राणी तुमच्यासमोर करून दाखवतात. मूळ 'मेट्रॉइड' आणि मूळ 'झेल्डा', दोन्ही 1986 चे, त्यांच्यापासून सुरू करू नका. कुठलं झुडूप जाळायचं याचा पत्ता लागत नाही आणि कंटाळून सोडाल. मग 'सिम्फनी ऑफ द नाइट', आणि कृपा करून रिक्टरपाशी थांबू नका.

त्रिमितीत 1998 चा 'ऑकरिना ऑफ टाइम' आणि 1999 चा 'सोल रीव्हर'. दुसऱ्यात जिवंत जग आणि आत्म्यांचं जग एकमेकांवर पसरलेलं आहे, एका जगात बंद असलेली वाट दुसऱ्यात वाकून मोकळी होते. प्लेस्टेशन 2 वर 'शॅडो ऑफ द कोलोसस', 2005 चा: सोळा राक्षसी प्राणी, मध्ये एकही किरकोळ शत्रू नाही. माझ्या कसोटीत तो बसत नाही, तरी खेळाच. पहिला 'टूम रेडर' आज हातात घेतला तर आधी जड वाटेल. त्याचं गणित असं की कड्याच्या टोकाला उभं राहून एक उडी मागे मारायची, मग धावत उडी, बरोबर तेवढंच अंतर लागतं. हे कळलं की त्यासारखा नेमका गेम नाही.

'मेटल गिअर सॉलिड' घेणार असाल तर एक ऐका. त्यात मेरिल या पात्राला वायरलेसवर बोलवायचा आकडा सीडीच्या डबीच्या मागच्या चित्रात छापलाय. आपल्याकडे डिस्क पॉलिथिनच्या पाकिटात यायची, डबी कुणी बघितलीच नव्हती. दादा दोन दिवस अडकून बसला. आकडा आहे 140.15. मी तो एकेक आकडा पुढे सरकवत शोधला होता, हेही तो कुणाला सांगत नाही.

आता सिम्फनीबद्दल खरं सांगायला हवं. उलटा किल्ला मूळ किल्ल्याइतका हाताने घडवलेला वाटत नाही, तेच तेच संगीत बऱ्याच भागांत वाजतं, आणि तिथे पोचेपर्यंत अल्युकार्ड एवढा बलवान होतो की बरेच शत्रू दोन फटक्यांत पडतात. दादाच्या 'बोनस'मध्ये तेवढं तथ्य आहे. पण ज्या शेवटाला जाताना अर्धा नकाशा कोरा राहतो, तो शेवट म्हणता येत नाही.

तासांचं म्हणाल तर आठवड्याला तीन संध्याकाळी धरून यातला कुठलाही गेम दीड-दोन महिन्यांत होईल. एम्युलेटरवर हव्या त्या क्षणी सेव्ह करता येतं, नोकरी आणि घर सांभाळून खेळताय तर खुशाल करा, फक्त मारामारीच्या मध्येच करून प्रत्येक फटका सुधारत बसू नका. अडलात तर लगेच व्हिडिओ लावू नका, दोन संध्याकाळी थांबा. आणि प्लेस्टेशन 2 वर जुन्या प्लेस्टेशनची डिस्क चालते, पण तिचं सेव्ह प्लेस्टेशन 2 च्या कार्डावर होत नाही. जुनं, 15 कप्प्यांचं कार्ड वेगळं घ्यावं लागेल. ते घ्या, आणि घरात दुसरं कुणी खेळत असेल तर त्याला त्याचं वेगळं घेऊन द्या.