झुलू कुळस्तुतींची साइट मोबाइलवर आणताना: आधी ओळ, मग ब्रेकपॉइंट

तुमच्या टीमकडे दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातून इझिथाकाझेलोंच्या संग्रहाचं काम आलंय, डेस्कटॉपचं डिझाइन मंजूर झालंय आणि मोबाइलसाठी ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला पानाची मांडणी बदलते ते टप्पे) किती पिक्सेलला ठेवावेत, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की ते डिझाइन बाजूला ठेवा आणि 320 पिक्सेल रुंदीपासून नव्याने मांडणी करा.

इझिथाकाझेलो म्हणजे कुळाची स्तुतिनामं. एखाद्याला आदराने हाक मारताना, आभार मानताना, लग्नात, अंत्यविधीला, पूर्वजांना आवाहन करताना ती म्हटली जातात. खुमालो आडनावाच्या माणसाला 'मुन्तुंग्वा' म्हटलं की त्याच्या मूळ पुरुषांची आठवण काढली जाते. (मंडेलांना लोक माडिबा म्हणत, तेही कुळनामच. ते झुलू नव्हते, थेंबू होते, पण प्रथा जवळची आहे.) आपल्याकडच्या गोत्रासारखंच, एकाच कुळात लग्न करत नाहीत. तेव्हा वाचक फोन हातात धरून, चार माणसांसमोर मोठ्याने म्हणत असणार, हे गृहीत धरूनच डिझाइन करा.

म्हणून ओळ महत्त्वाची. एक ओळ म्हणजे एका दमात म्हणायचं नाव किंवा नावांची साखळी. अरुंद पडद्यावर ती मोडून खाली आली, तर नवी ओळ सुरू झाली की जुनीच चालू आहे, हे नजरेला लगेच कळलं पाहिजे. प्रत्येक ओळ वेगळ्या एलिमेंटमध्ये ठेवा, डावं पॅडिंग (कडेची मोकळी जागा) द्या आणि तेवढाच ऋण टेक्स्ट-इंडेंट (पहिल्या ओळीचं सरकणं) लावा. मोडलेला भाग आत सरकतो. इसिझुलूत, म्हणजे झुलू भाषेत, उपसर्ग-प्रत्यय जोडून शब्द लांबलचक होतात, आणि ब्राउझरच्या आपोआप हायफनवर विसंबू नका. ओव्हरफ्लो-रॅप (न मावणारा शब्द मोडणारा नियम) लावाच, पण फार लांब शब्दांत सॉफ्ट हायफन (शब्द मोडला तरच दिसणारे) कुठे घालायचे हे भाषा जाणणाऱ्याकडून ठरवून घ्या. पानाची भाषा सांगणाऱ्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये इसिझुलूचा कोड हवा.

अक्षरं आपोआप लहान-मोठी करणारा टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म मात्र अजिबात वापरू नका. ही भाषा रोमन लिपीत लिहितात आणि मोठं अक्षर शब्दाच्या मधेही येतं: 'कामाशोबाना'मध्ये ('माशोबानाचा') 'का' लहान लिपीत आणि 'मा'पासून मोठं अक्षर. कॅपिटलाइज लावलंत की पहिलं अक्षरही मोठं होतं, अपरकेसने तर फरकच पुसला जातो. लोकांच्या पूर्वजांची नावं आहेत ती.

शोधाच्या चौकटीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. खुमालो हे नाव जुन्या लेखनात 'एच' अक्षराशिवायही आढळतं. विवाहित स्त्रीला माहेरच्या आडनावावरून 'माखुमालो' म्हणतात, तेव्हा 'मा' लावून शोधलं तरी खुमालोच सापडायला हवं. एकाच आडनावाच्या स्तुतीचे पाठ घराघरांत, भागाभागांत वेगळे असतात. त्यांतला एक 'अधिकृत' म्हणून वर आणि बाकीचे टॅबमागे, असं करू नका; एकाखाली एक ठेवा आणि कुठल्या घराचा, भागाचा पाठ ते प्रत्येकावर लिहा.

आता पानाचं वजन, म्हणजे ते उघडायला किती डेटा लागतो. तिथे बहुतेकांचा डेटा प्रीपेड. 2016 मध्ये महागड्या डेटाविरुद्ध मोठी मोहीम झाली, 2019 मध्ये स्पर्धा आयोगाने दर उतरवायला सांगितलं, आणि एप्रिल 2020 मध्ये व्होडाकॉम या मोबाइल कंपनीचा एक जीबीचा तीस दिवसांचा पॅक 149 रँडवरून 99 वर आला. तरी हिशोब करूनच लोक नेट वापरतात. लिपी रोमन आहे, क्लिक ध्वनींसाठीही साधी सी, क्यू, एक्स अक्षरंच आहेत, म्हणून वेबफॉन्ट काढून टाका, सिस्टिम फॉन्ट पुरतो. उच्चाराचं रेकॉर्डिंग मोनो ओपसमध्ये (आवाज कमी जागेत साठवणारा प्रकार) 24 केबीपीएसला ठेवलंत तर मिनिटाला साधारण 180 केबी होतं. ते आपोआप उतरू देऊ नका आणि बटणावर आकार लिहा. उघडलेलं पान सर्व्हिस वर्करने (नेट नसतानाही पान दाखवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) साठवा, कारण वीज बराच वेळ गेली की टॉवरही बंद पडतात.

डेस्कटॉपच्या डिझाइनमध्ये मागे बिबट्याच्या कातड्याचं चित्र आहे म्हणालात. ते काढा. ते कातडं राजघराण्याचा आणि प्रमुखांचा मान आहे, कुठल्याही आडनावामागे लावायची सजावट नाही.

ब्रेकपॉइंट शेवटी येईल: सगळ्यात लांब ओळ न मोडता मावते त्या रुंदीला पहिला, दुसऱ्याची बहुधा गरजच पडणार नाही. स्वस्त अँड्रॉइडवर अक्षरांचा आकार 200 टक्के, म्हणजे दुप्पट, करून, एअरप्लेन मोडमध्ये, ग्राहकाकडच्या एखाद्या ज्येष्ठांना पाठ म्हणायला लावा, आणि ते जिथे अडखळतील तिथली मांडणी बदला.