आईसाठी रडार सेन्सर: हॉलमध्ये नको, आधी बाथरूम आणि पॅसेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७८ वर्षांच्या, दिवसभर घरी एकट्या, गळ्यातलं बटण घालत नाहीत, कॅमेऱ्याला ठाम नकार. मग रेडिओ लहरी सोडून हालचाल टिपणारा आणि पडल्याचं ओळखणारा रडार सेन्सर हॉलच्या छताला लावावा का?

हॉलला नको, निदान पहिला तरी नको. मांडी घालून भाजी निवडणं, सतरंजीवर आडवं होणं सगळं तिथेच चालतं. सेन्सरला कळतं ते एवढंच, की शरीर झपकन खाली आलं आणि खालीच राहिलं. त्यामुळे रोज दुपारी खोटा अलार्म वाजेल आणि आठवड्यात कुणीतरी तो बंद करेल. शिवाय छताचा पंखा. फिरती पाती रडारला हलत्या माणसासारखी दिसतात. पॅसेजमध्ये बहुधा पंखा नसतो, आणि रात्री उठून बाथरूमकडे जाण्याची वाटही तीच.

पॅसेजसाठी ६० गिगाहर्ट्झचा, पडणं ओळखणारा मॉड्यूल घ्या. सीड (Seeed) कंपनीचा एमआर६०एफडीए२ (MR60FDA2) चालेल. तो छतालाच, तोंड सरळ खाली करून लावा. त्याची जमिनीपासूनची उंची फितीने मोजून सेटिंगमध्ये भरा. अंदाजे भरलीत, तर खालचं सगळं गणित तेवढंच चुकतं. पडल्याची उंची, म्हणजे शरीर जिच्याखाली आलं की सेन्सर ते पडणं धरतो ती, ०.६ मीटरवर ठेवून सुरुवात करा. खाली बसल्यावर अलार्म वाजला तर ०.१ने कमी करत जा. फार खाली नेलीत, तर भिंतीला टेकून अर्धवट बसती झालेली व्यक्ती निसटते.

बाजारात स्वस्त मिळणारा एलडी२४१० (LD2410) हा २४ गिगाहर्ट्झचा सेन्सर पॅसेजमध्ये उपयोगाचा नाही. तो अंतर ०.७५ मीटरच्या टप्प्यांत मोजतो, म्हणजे उभं माणूस आणि आडवं माणूस यांत जेमतेम दोन टप्प्यांचा फरक. पण बाथरूममध्ये मला तोच जास्त आवडतो. तिथे पाटावर बसून अंघोळ होते, आणि घसरणंही पुष्कळदा सावकाश, नळाला धरत धरत होतं. तसं पडणं महागडा मॉड्यूलही चुकवतो. म्हणून पडणं शोधूच नका, वेळ मोजा. आई रोज किती वेळ आत असतात ते आठवडाभर नोंदवा. सर्वात लांब वेळेवर १० मिनिटं वाढवा आणि तो टायमर लावा. २० मिनिटं लागत असतील तर ३०.

हा सेन्सर दाराच्या वर, आतल्या बाजूला, प्लास्टिकच्या बंद डबीत बसवा. डबी धातूची नको, लहरी अडतात. चार्जर बाहेरच ठेवा, आत फक्त ५ व्होल्टची वायर न्या. बाथरूम दोन मीटर खोल असेल तर टप्पे ३पर्यंतच ठेवा, नाहीतर भिंतीपलीकडची हालचालही मोजली जाईल. एक चकवा लक्षात ठेवा: चालू राहिलेला नळ किंवा दोरीवर हलणारा टॉवेल रडारला माणूस वाटतो. 'तासभर कुणीतरी आत आहे' असं दिसलं, तर आधी तेच पाहा.

अंगाची उष्णता पाहून माणूस ओळखणाऱ्या थर्मल सेन्सरच्या नादी लागू नका. विदर्भात मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापतात, मग वेगळं काय दिसणार?

चाचणी आईंकडून करून घेऊ नका. जाड गादी टाकून घरातल्या तरुणाने करावी: झपकन पडणं, भिंतीला घासत सावकाश खाली येणं, खाली बसणं, वाकून चप्पल उचलणं, प्रत्येकी १० वेळा. आकडे कागदावर लिहा. सावकाश पडण्याचे आकडे वाईटच येतील. बाथरूमचा टायमर त्याचसाठी आहे.

राउटर आणि होम असिस्टंटचा डबा (सेन्सरची माहिती घेऊन अलार्म पाठवणारा घरातला छोटा संगणक) दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सेन्सर १० मिनिटं गप्प राहिला तर त्याचाही मेसेज आला पाहिजे. वीज गेल्यावर तो मुकाट बंद पडलेला असतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. अलार्म पहिला शेजारच्यांच्या फोनवर, मग तुमच्या. त्यांच्याकडे घराची किल्ली द्या, १०८ नंबर फोनमध्ये भरून द्या. आणि सेन्सर मागवण्याआधी बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असं लॅच बसवा. दार आत उघडत असेल तर तेही बाहेर उघडणारं करा, कारण पडलेलं माणूस दारालाच अडून असू शकतं.