एफवायबीकॉम अकाउंट्स: तेरीज जुळत नाही, चूक शोधायला सुरुवात कुठून करावी?
तेरीज (ट्रायल बॅलन्स) म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) शिल्लकांची यादी; दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. त्या बेरजा एकदा पुन्हा करा आणि मग थेट त्यांच्यातल्या फरकाच्या रकमेकडे बघा, सगळी खतावणी (लेजर) उलगडत बसू नका. तेवढ्याच रकमेची एखादी शिल्लक तेरजेत घ्यायची राहिली आहे का? रोख आणि बँक हमखास राहतात. नसेल तर फरकाची निम्मी रक्कम शोधा: फरक १,२०० असेल तर ६०० रुपये नावेऐवजी जमा बाजूला गेलेले असू शकतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल तपासा; ५४० च्या जागी ४५० लिहिले की फरक ९० येतो.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं मात्र अजिबात नाही. यंत्राची किंमत यंत्र खात्याऐवजी खरेदी खात्याला नावे टाकली तरी दोन्ही बाजू जुळतात आणि नफा चुकतो.