मॅसेडोनियाचा लढा: वाचायला कुठून सुरुवात कराल?

ऑटोमन (तुर्की) सत्तेविरुद्धचा हा लढा समजून घ्यायला १८९३ पासून सुरू करा. त्या वर्षी सालोनिकात (आजचं ग्रीसमधलं थेस्सालोनिकी) मॅसेडोनियाची गुप्त क्रांतिकारी संघटना उभी राहिली. तिथून थेट तिने १९०३ मध्ये केलेल्या इलिंदेन उठावावर या. मधले गटतट सध्या सोडा.

नवखे हमखास अडकतात ते इथे:

- तारखा: उठाव कुठे २० जुलै, कुठे २ ऑगस्ट दिसेल. दिवस एकच; जुनी ज्युलियन दिनदर्शिका तेव्हा आजच्या दिनदर्शिकेपेक्षा १३ दिवस मागे होती.
- आकडे: ऑटोमन नोंदी धर्मपंथानुसार होत. एक्झार्खेटकडचं (बल्गेरियन चर्च) कुटुंब 'बल्गेरियन', पॅट्रिआर्ककडचं (कॉन्स्टँटिनोपलचे ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख) 'ग्रीक', मग घरात बोली एकच का असेना! त्यावरून राष्ट्रीयत्व ठरवू नका.
- संघटनेचा नेता गोत्से देल्चेव मे १९०३ मध्येच, म्हणजे उठावाआधी, मारला गेला. त्याला उठावातल्या क्रुशेवो गावच्या लढाईत उतरवू नका.

नकाशा १९१२ च्या बाल्कन युद्धापूर्वीचाच घ्या, सालोनिका, मोनास्तिर आणि कोसोवो हे ऑटोमन प्रांत दाखवणारा.