प्रवासाचं विचारा: बाबांना श्रीलंकेचे तलाव दाखवा

प्रश्न : नमस्कार ताई. यंदा धानाचे पैसे हाती आले की आईबाबांना एकदा परदेश दाखवायचा आहे. बाबांचं सारं आयुष्य धानाच्या बांधीत आणि बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर गेलं. भाऊ दुबई म्हणतो, जावई थायलंड म्हणतात. तुम्ही मात्र ज्याला त्याला श्रीलंकाच सांगता, असं ऐकलं. असं काय आहे जी तिथे?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : दादा, ऐकलं ते खरं आहे. साकोलीत माझ्यासमोर प्रवासाचं विचारायला बसणारा माणूस धान पिकवणारा असला, तर मी दुसरं नावच घेत नाही. कारण तलाव.

नवेगाव बांधची पाळ तुमच्या बाबांनी पाहिली असेलच. कोहळी समाजाने बांधलेले असे तलाव आपल्या भंडारा-गोंदियाची शान आहेत. श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात, अनुराधपूर-पोलोन्नरुव भागात, हीच विद्या दीड-दोन हजार वर्षांपासून नांदते आहे. एका तलावाचं, शेताला पाजून उरलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून आणखी खाली, अशा ओळीच्या ओळी. धान तिथेही दोन हंगामांत निघतं.

बाबांना आधी काल वेव दाखवा. वेव म्हणजे तलाव. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने तो बांधवला. त्यातून निघालेला जय गंगा कालवा सुमारे 87 किलोमीटर जाऊन अनुराधपूरच्या तिस्स वेवला पाणी देतो. सुरुवातीच्या लांब पट्ट्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम 10 सेंटिमीटर! बांधीत पाणी सारखं करताना किती जीव जातो, हे ज्याला माहीत आहे त्यालाच या आकड्याची किंमत कळेल. पाळीत चौकोनी दगडी विहिरीसारखं बांधकाम दिसेल, त्याला बिसोकोटुव म्हणतात. तलावाच्या पाण्याचा जोर तिथे मोडतो आणि मगच ते बाहेर सुटतं, म्हणून पाळ फुटत नाही. तिथे बाबांना घाई करू नका. आपल्याकडचे म्हातारे अशा जागी बसून राहतात, एकमेकांना हाताने उतार दाखवत बोलतात, आणि ते पाहण्यासाठीच मला हा देश पुन्हा पुन्हा आवडतो.

धातुसेनाची गोष्ट चूळवंस या जुन्या इतिहासग्रंथात आहे. मुलगा काश्यपाने गादी बळकावली आणि बापाला खजिना कुठे आहे म्हणून विचारलं. बापाने काल वेवचं पाणी ओंजळीत घेतलं आणि माझी सारी दौलत हीच, असं सांगितलं. काश्यपाने त्याला मारवलं आणि सिगिरियाच्या कातळावर आपला महाल उभारला. प्रवासी सारे सिगिरियाला जातात. तुम्हीही जा, पण पायऱ्या बाराशेच्या आसपास आहेत. आईचे गुडघे दुखत असतील तर तिला खालच्या बागेत बसवा. तिथली पाण्याची कारंजी पाहण्यासारखीच आहेत.

फेब्रुवारीत निघा. पाऊस सरलेला असतो, तलाव भरलेले असतात, शेतात धान उभं असतं. नागपूरहून चेन्नई, तिथून कोलंबो विमानाने दीडेक तास. विमानतळावरून गाडी थेट अनुराधपूरकडे वळवा, चारेक तास लागतात. आठवड्यात सात शहरं दाखवणारी सहल घेऊ नका, त्यात बाबांना फक्त गाडीची काच दिसेल. प्रवासाची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून तिकीट काढताना ताजी माहिती बघा.

प्रश्न : ताई, आम्ही दरवर्षी दीक्षाभूमीला जातो. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाजवळ जाता येतं का? काय पाळावं?
– एक वाचिका, पवनी

उत्तर : वृक्ष उंच ओट्यावर, सोनेरी कठड्याआड आहे. हात लावता येत नाही, खालून वंदन करायचं. बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इ.स.पू. तिसऱ्या शतकात तिथे नेली. पांढरे कपडे घाला, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. चपला, टोपी बाहेर. दुपारी फरशी भाजते, म्हणून पायात मोजे ठेवा किंवा सरळ पहाटे जा. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथल्या लोकांना ते फार लागतं. पौर्णिमा साधता आली तर उत्तम. त्या दिवशी देशभर सुट्टी असते आणि पांढऱ्या कपड्यांतली गर्दी कमळं घेऊन येते. जमलं तर कँडीही करा, ताई. 1950 साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले होते. आपल्या माणसाला बुद्धाचा दात जपलेल्या तिथल्या दंतमंदिराइतकीच या आठवणीचीही ओढ असते.

प्रश्न : आईला बाहेरचं जेवण चालत नाही. तिथे काय मिळेल?
– एक वाचक, लाखांदूर

उत्तर : भात, वरण, भाज्या आणि नारळाची तिखट चटणी, रोज. वरणाला तिथे परिप्पू म्हणतात, त्यात नारळाचं दूध असतं. चटणीत वाळवलेल्या मासोळीचा चुरा कधी कधी घालतात, म्हणून शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावं. लोणच्याची बरणी मात्र सोबत ठेवा.