पुस्तकी संवादांतले शब्दगुच्छ कसे मोजावेत?

प्रश्न : मी कोथरूडला मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. पुस्तकातल्या संवादांत वारंवार येणारे चार शब्दांचे गुच्छ अँटकाँक या शब्द मोजणाऱ्या संगणकप्रणालीवर काढतेय. 'दहा लाख शब्दांत दहा वेळा' हा निकष लावला, तर एकही गुच्छ गळत नाही. शिवाय 'आय डोन्ट नो' हे तीन शब्द चार मोजले जातात. चुकतंय कुठे?

उत्तर : तो निकष १९९९च्या लाँगमन या इंग्रजी व्याकरणग्रंथातला. त्यामागचा इंग्रजी मजकुराचा संग्रह चार कोटींहून जास्त शब्दांचा होता. तुमचे संवाद ५,००० शब्दांचे धरले, तर एकदाच आलेला गुच्छसुद्धा दहा लाखांमागे २०० भरतो. मग गळणार काय? दहा लाखांचा हिशेब सोडा. किमान तीन वेळा आणि तीन वेगवेगळ्या धड्यांत आला, तरच घ्या. धड्यांची अट महत्त्वाची, नाहीतर एकाच दुकानातल्या संभाषणातलं 'हाऊ मच इज द' यादीत वर चढून बसतं. त्यासाठी प्रत्येक धड्याची फाइल वेगळी ठेवा.

'डोन्ट' फुटतो तो अपॉस्ट्रॉफीमुळे. टोकनच्या, म्हणजे प्रणाली एक शब्द कशाला धरते त्याच्या, व्याख्येत ते चिन्ह जोडा आणि फाइली पुन्हा चढवा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात ते वाकडं असतं, टंकलेलं सरळ. आधी सगळी एकसारखी करा. बोलणाऱ्यांची नावंही काढून टाका. एवढं करूनही एकाच्या वाक्याचं शेपूट आणि दुसऱ्याचं तोंड जोडून 'थँक यू आय अॅम' असले गुच्छ निघतातच. ते हातानेच खुडावे लागतात.

प्रश्न : यादीतलं वर्गात काय घ्यावं?

उत्तर : सगळं नको. 'हाऊ डू यू डू' पुस्तकात शोभतं, रोजच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतं. प्रत्यक्ष संभाषणात 'आय डोन्ट नो व्हॉट', 'डू यू वॉन्ट टू', 'आय वॉज गोइंग टू' यांचीच चलती. पुस्तकात नसले तरी बाहेरून आणा. हे गुच्छ अर्धवट असतात, म्हणून पुढच्या शब्दांच्या शेपटासकट आणि एका दमात म्हणवून घ्या. मुलं अडखळतात ती शेपटापाशीच. 'व्हॉट इज इट' घोकलेलं असतं, म्हणून 'आय डोन्ट नो व्हॉट इज इट' म्हणून मोकळी होतात. तिथे 'व्हॉट इट इज' हवं. मराठीत 'ते काय आहे?' आणि 'ते काय आहे, माहीत नाही' यांत शब्दांची जागा बदलत नाही, त्यामुळे ही चूक कानाला खटकतच नाही. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून 'इज'भोवती गोल करा.